लाल सॉस, पातळ पिझ्झा आणि माझं वजन

नांदेडात बसून, इटलीचं जेवण जेवून मी वजन उतरवायला निघाले होते. हसा खुशाल. आमचे हे लातूरहून फोनवर रोज हसायचेच. "काय इटलीच्या राणीसरकार, किती उतरलं?" मी म्हणायचे, "तुमचं काय जातंय विचारायला? ठेवा फोन."

हौस म्हणून नव्हते गेले मी. माझ्या धाकट्या भावाचं लिव्हर गेलं होतं. दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही तो, तरी जो भेटेल तो आधी आवाज बारीक करून तेच विचारायचा, "घेत होता का हो?" मेल्यांनो, नव्हता घेत! जाडी ही आमच्या माहेरची इस्टेट. त्याच्या लिव्हरवर वर्षानुवर्षं चरबी साचत गेली, ते आतून दगड झालं, आणि आम्हाला कळलं तेव्हा पोटात पाणी भरायला लागलं होतं. हैदराबादच्या दवाखान्यात सांगितलं की आता बदलणं हाच इलाज. घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, देणाऱ्याचं परत वाढतं. भावजयीचा रक्तगट जुळेना. माझा जुळला. मी म्हटलं, घ्या माझं, त्यात विचारायचं काय? आमचे हे दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझा भाऊ आहे. मी कोण अडवणार?"

पण माझी तपासणी झाली आणि माझ्याही लिव्हरवर चरबी निघाली. इस्टेटीत माझाही वाटा होताच की. डॉक्टर म्हणाले, सात-आठ किलो वजन उतरवा, लिव्हर साफ होईल, मगच तुमचं घेता येईल. आणि लवकर उतरवा, पावसाळा संपायच्या आत. त्यानंतर तुमच्या भावाला ऑपरेशन सोसेल असं आम्ही सांगू शकत नाही. म्हणजे माझ्या कंबरेवरची चरबी उतरली तर भाऊ वाचणार. इतका साधा हिशेब होता.

मी लातूरचं घर यांच्यावर आणि लेकीवर सोपवलं आणि नांदेडला भावाकडं येऊन राहिले. भावजय अर्धापूरच्या शाळेत शिकवते. सकाळी जाते, संध्याकाळी येते, आणि तिनं नोकरी सोडली तर दवाखाना कशावर चालणार? दिवसभर त्याच्याजवळ कुणीतरी लागायचं. एकट्याला सोडायची सोय नव्हती, मधूनच भ्रमिष्टासारखं बोलायचा, गॅस चालू ठेवून विसरायचा. तर मी. पहाटे उठून गोदावरीच्या बाजूला चालून यायचं, मग ज्वारीची अर्धी भाकरी, बिनफोडणीचं वरण, पालेभाजी. भावजय शाळेतल्या कुणा पालकानं दिलेली केळीची फणी घेऊन यायची, अर्धापूरची केळी, वास घरभर सुटायचा, आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. मला केळं आवडतं हो. लई आवडतं.

भावाचं वेगळंच. त्याचं मीठ बंद. पाणी मोजून. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात ठेचा-भाकरीशिवाय सकाळ केली नाही, त्याला अळणी वरण-भात. दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. मी कधी चुचकारून, कधी डोळे वटारून भरवायचे. तो म्हणायचा, "अक्का, ह्याच्यापेक्षा मेलेलं बरं." मी म्हणायचे, "गप जेव. मरायचं काम तुझं न्हाई."

आणि एक दिवस त्यालाच ते हॉटेल सापडलं.

कॉलनीच्या तोंडाशी पूर्वी एक बेकरी होती. पाव, नानकटाई, खारी. तिच्या मालकाचा पोरगा हैदराबादच्या कुठल्याशा बड्या हॉटेलात काम करून आला आणि त्यानं बापाच्या भट्टीवर पिझ्झे लावायला सुरुवात केली. आता पोरगा म्हणते, पण चांगला दाढीवाला, दोन लेकरांचा बाप होता. बाहेर लाल-पांढरा-हिरवा रंग मारला, आत चौकड्याचे टेबलक्लॉथ टाकले, झालं इटालियन. आमच्या भावाची आणि त्याची जुनी ओळख. भाऊ एका संध्याकाळी म्हणाला, "अक्का, साध्या हॉटेलात रस्सा आधीच करून ठेवलेला असतो, त्याच्यातून मीठ कसं काढणार? ह्याच्याकडं सगळं ऑर्डर दिल्यावर बनतं. माझं बिनमिठाचं करून देतो म्हणला. आन तुझं बी डाएटचं मिळतंय."

किती महिन्यांनी तो स्वतःहून काही खायचं म्हणत होता. भावजयीचा तर चेहराच उजळला. मी काय नाही म्हणणार?

जाण्याआधी मी फोनवर सगळा अभ्यास केला. इटालियन हॉटेलात कमी कॅलरीचं कसं जेवावं, यावर जगातल्या सगळ्या बाया व्हिडिओ काढून बसल्यात, बघितलं तर संपत नाहीत. मला पाठ झालं. पांढरा सॉस नको, तो मैदा-लोणी-क्रीमचा; लाल घ्या, तो टमाट्याचा. गुलाबी दिसला तर फसू नका, लाल-पांढऱ्याची भेसळ असते. गार्लिक ब्रेडकडं बघायचं नाही. आधी सूप प्या म्हणजे पोट भरतं. तळलेलं सोडा, भाजलेल्या भाज्या घ्या. पिझ्झा पातळ पोळीचा, त्यावर भाज्या, चीज नाममात्र. सॅलडवरचं तेल वेगळं वाटीत मागा. एवढं शिकले असते तर शाळेत पहिला नंबर आला असता.

पहिल्या दिवशी मी मेनूकार्ड हातात घेतलं तर त्यात 'पनीर टिक्का पास्ता' आणि 'शेजवान पिझ्झा'. म्हटलं, हे इटलीत मिळतं? मालक हसला. "आपा, इटली नांदेडात आली की तिला नांदेडसारखंच राहावं लागतं." मग मी माझी पोपटपंची केली. टमाट्याचं सूप, क्रीम नको. भाजलेल्या भाज्या, लोणी नको. पातळ पिझ्झा अर्धाच, चीज नको. तो बिचारा मान डोलवत होता. भाऊ उठला, म्हणाला, "मी आत जाऊन माझं मिठाचं सांगून येतो, ही पोरं ऐकल्यासारखं करतात आन टाकतात." पोटाला हात लावत, हळूहळू चालत किचनमध्ये गेला. आला तेव्हा दमला होता, पण खुश होता.

त्याच्यापुढं बिनमिठाची शेवयांसारखी लांब स्पॅगेटी आली, लसूण आणि टमाटे घातलेली. माझ्यापुढं सूप. एक चमचा तोंडात घातला आणि मला कळेचना. इतकं चांगलं? अहो, काही न घालता टमाट्याची चव अशी लागते? भाजलेल्या भाज्यासुद्धा कशा मऊ, चकचकीत. मी म्हटलं, उगीच नाही त्या लोकांचं एवढं नाव, काही न घालता हाताला चव आहे. भाऊ त्याचं खायचं सोडून माझ्याकडं बघत बसला होता. "आवडलं?" म्हणाला. "संपव मग सगळं. टाकू नको."

मी संपवलं. दिवसभराची भूक होती.

मग ते रोजचंच झालं. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी आम्ही जायचो, आणि त्याला चालवत नसेल त्या दिवशी तो फोन करून पार्सल मागवायचा. "अक्का, तुझं डाएटचं आलं बघ." माझी रात्रीची भाकरी बंद झाली, सूप सुरू झालं. मला वाटायचं, बरंय, भाकरीपेक्षा हलकं. तो माझ्यासमोर बसायचा आणि मी चमचा ठेवेपर्यंत हलायचा नाही. म्हणायचा, "मला खाता येत न्हाई, तू खाताना बघून बरं वाटतंय." असं कुणी म्हटल्यावर वाटीत थेंब ठेवायची कुणाची छाती आहे?

महिन्यानं आम्ही हैदराबादला गेलो. काट्यावर उभी राहिले तर वजन दीड किलो जास्त.

मी म्हटलं, काटा बिघडलाय. दुसऱ्या काट्यावर उभं केलं. तेच. तिथली आहाराची मॅडम, माझ्या लेकीच्या वयाची पोर, माझ्याकडं असं बघायला लागली की मला धरणी दुभंगावी वाटली. "आंटी, सच बताओ, छुपके मीठा खाते?" मी शपथ घेतली. भाकरी सांगितली, वरण सांगितलं, चालणं सांगितलं, सूप सांगितलं. ती मान हलवत राहिली. मला कळत होतं की तिला एक अक्षर पटत नाहीये. पेशंटच्या बहिणी अशाच असतात, वरून देते देते म्हणतात आणि आतून घाबरतात, असंच वाटलं असणार तिला. संतापानं आणि लाजेनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी एक महिना आणखी दिला. म्हणाले, या वेळी नाही झालं तर तुमचा विचार आम्हाला सोडावा लागेल, आणि दुसरं कुणी मिळेपर्यंत थांबायला यांच्याकडं वेळ नाही.

परतीच्या गाडीत भावजय खिडकीला डोकं लावून बसली होती. मला एका शब्दानं बोलली नाही. तिनं बोलायला पाहिजे होतं, शिव्या द्यायला पाहिजे होत्या, मला बरं वाटलं असतं. भाऊ मात्र माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे अक्का. अंगातच न्हाई उतरायचं, त्याला तू काय करणार? माझ्या नशिबात असंल ते होईल." किती समजूतदार, असं वाटून मला आणखीनच रडू आलं.

त्या महिन्यात माझा जीव कोंडल्यासारखा झाला होता. सकाळी दुप्पट चालायचे. अर्ध्या भाकरीची चतकोर केली. दुपारी भुकेनं डोळ्यापुढं अंधारी यायची आणि मी भिंतीला धरून उभी राहायचे, वरून त्याची औषधं, त्याचे कपडे, त्याचं भ्रमिष्टासारखं बोलणं. लातूरला पळून जावं आणि आपल्या घरात दार लावून वजन उतरवून यावं, असं शंभरदा मनात आलं. पण त्याच्यापाशी कोण थांबणार? आणि संध्याकाळ झाली की तो चप्पल घालून तयार. "अक्का, चल, इटलीला." दिवसात तेवढाच एकदा तो हसायचा. नको म्हणावं तर त्याचा चेहरा पडतो, जावं तर मला त्या काट्याची भीती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी जायचे. आधी पिझ्झा बंद केला, मग भाज्या बंद केल्या, शेवटी नुसतं सूप राहिलं. घरच्या काट्यावर आकडा तिथल्या तिथं. स्वतःच्या अंगाचा एवढा राग मला कधी आला नव्हता. आंघोळ करताना पोटाचा वळा हातात धरून मी त्याला शिव्या दिल्या आहेत, खरं सांगते.

मग एका दुपारी त्याला ताप भरला. उतरला तेव्हा चारेक वाजले होते, म्हणाला, "माझं ते बिनमिठाचं खावं वाटतंय." शेजारच्या काकूंना त्याच्याजवळ बसवलं आणि मी स्वतः गेले आणायला. एरवी पार्सल त्यांचा माणूस आणून द्यायचा. हॉटेल नुकतं उघडत होतं, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मी म्हटलं, "भावाचं नेहमीचं द्या. आणि माझं एक सूप."

मालक स्वतःच ओट्यापाशी होता. म्हणाला, "आपा, तुमचं तसंच ना? साहेबांनी सांगितल्यासारखं?"

"साहेबांनी काय सांगितलंय?"

तो गडबडला. चमचा खाली ठेवला. मग मी आत शिरून त्याच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिले आणि तेच परत विचारलं. बिचाऱ्याला खोटं बोलता येईना. म्हणाला, "आपा, नाराज होऊ नका. साहेब म्हणाले, माझ्या बहिणीला लई अशक्तपणा आहे, डॉक्टरांनी अंगावर मांस चढवायला सांगितलंय. पण तिला लोणी-मलईची किळस येते, बघितलं तर खाणार नाही. तिला कळू न देता घाला. म्हणून मी लोणी घालतो, क्रीम, काजूची पेस्ट. पिझ्झ्यात चीज सॉसच्या खाली लपवत होतो, वरून दिसू नये म्हणून. तुम्ही भाज्या बंद केल्या तर साहेब म्हणाले, सुपातच वाढव." मग भीत भीत विचारलं, "गुण नाही आला का?"

मला आधी काही समजलंच नाही. म्हणजे शब्द समजले. मी म्हटलं, "बिनलोण्याचं करून दाखवा. जसं मी सांगत होते तसं." त्यानं केलं. वाटीत घालून दिलं. लालसर पाणी, वर एक पान तरंगत होतं. मी प्याले. अहो, याला आमच्या माहेरी निलंग्याकडं उकडलेल्या टमाट्याचं पाणी म्हणतात, दुसरं काही नाही! मला हसू आलं आणि हसता हसता मी तिथंच पिठाच्या डब्यावर बसले.

कारण मला कळलं होतं, त्यानं हेच हॉटेल का निवडलं. मिठाचा नुसता बहाणा होता. पिठल्यात चमचाभर तेल जास्त पडलं तर मला वासावरून कळतं. वरणावर तूप सोडलंय का तेल, ते मी ताट न उचलता सांगते. माझ्या ओळखीच्या कुठल्याच पदार्थात त्याला मला फसवता आलं नसतं. आणि इटलीचं सूप कसं लागतं, हे मला काय ठाऊक? माझ्या बापानं तरी कधी प्यायलं होतं का? लहानपणापासून गरीब चेहऱ्याचा, गोगलगाय नि पोटात पाय. माझा राग मस्तकात गेला. ती हैदराबादची पोर डोळ्यापुढं आली. भावजयीचं खिडकीला लावलेलं डोकं आठवलं. मी पार्सल न घेताच निघाले.

काकूंना घरी पाठवलं, दार लावलं आणि त्याच्या पलंगाशी जाऊन उभी राहिले. "लोणी घालायला सांगतोस?"

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. नाही म्हणाला नाही. म्हणाला, "कोण सांगितलं?"

"कोण सांगितलं ते सोड! मी इथं उपाशी मरून राहिले, चक्कर येऊन पडून राहिले, आणि तू माझ्या सुपात काजू घालून राहिलास? माणूस हायेस का कोण हायेस तू? त्या पोरीनं मला खोटारडी ठरवलं. तुझी बायको माझ्याशी बोलंना झालीय. आणि वर मला म्हणतोस, अंगातच न्हाई उतरायचं?"

"हळू बोल अक्का."

"न्हाई बोलणार हळू!"

तो उठून बसायला लागला, त्याला जमेना. मला इतका राग आलेला असूनही माझे हात त्याच्या पाठीशी गेले, उशी लावली, बसवलं. मग तो बोलला. पहिल्यांदा आम्ही हैदराबादला गेलो होतो तेव्हा मला तपासणीला नेलं आणि तो बाहेर एकटा होता. तिथं भावाला लिव्हर दिलेली एक बाई त्यानं बघितली. भाऊ चांगला होता, उठून बसला होता, घरच्यांशी गप्पा मारत होता. "आन ती बाई," तो म्हणाला, "भिंतीकडं तोंड करून कण्हत होती. तिच्याकडं कुणी बघतबी नव्हतं, अक्का. सगळे त्याच्याभोवती. तिला पाणी पाहिजे होतं. मी नर्सला सांगून आलो." मग म्हणाला, "मी तुला नको म्हणलो असतो तर तू ऐकली असती?"

"न्हाई."

"मग मी काय करायचं होतं?"

"जगायचं होतं. दुसरं काय?"

"तुझं पोट फाडून?"

 तो त्या बाईचं सांगत होता तेव्हा मला खरंच भीती वाटली, आणि ती त्यानं माझ्या तोंडावर वाचली. तो म्हणाला, "बघ." मी म्हटलं, "हाव, वाटते भीती. कुणाला वाटत न्हाई? पण तू देणाऱ्यांतून माझं नावच कापून टाकायला निघाला होतास, मला न विचारता." तो भिंतीकडं वळला. तेवढ्यात फाटक वाजलं, भावजय आली. भाऊ एकदम कळवळून म्हणाला, "हिला सांगू नको. अक्का, तुझ्या पाया पडतो, हिला सांगू नको." आणि मी नाही सांगितलं. काय सांगणार होते? तुझ्या नवऱ्याला मरायचंय, त्यासाठी तो रोज संध्याकाळी चप्पल घालून हसत निघतो?

त्या रात्री मी काही खाल्लं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच चप्पल घालून उभी राहिले. "चल."

"आता कशाला?"

"इटलीला."

तो निमूट आला. कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. मालक लांबूनच बघत होता, जवळ यायला कचरत होता. मी त्याला बोलावलं आणि म्हटलं, "एक प्लेट बिनमिठाची स्पॅगेटी. साहेबांची. मोठी करा. काटे दोन आणा."

प्लेट आली. मी ती टेबलाच्या मधोमध सरकवली. "हं, जा आता किचनमध्ये. काय घालायचं ते सांगून ये. लोणी घाल, मलई घाल, काजू घाल. आजपासून आपण एकाच ताटात जेवायचं. सकाळी, संध्याकाळी, घरी, हितं. जे माझ्या पोटात जाईल ते तुझ्या पोटात जाईल."

तो उठला नाही. म्हणाला, "मग मी खातच न्हाई."

"नको खाऊ. मी बी न्हाई खात. बसू दोघं."

आणि बसलो. वाफ गेली. शेवया एकमेकींना चिकटायला लागल्या. शेजारच्या टेबलावर कॉलेजच्या पोरी फोटो काढत होत्या, त्यांचा पिझ्झा आला, खाऊन झाला, त्या गेल्या. भावाचा चेहरा पिवळा पडला होता, त्याला बसवत नव्हतं, ते मला दिसत होतं. त्याला उपाशी ठेवायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती, तीही मला पाठ होती. पण मी हलले नाही. मला वाटत होतं, आता मी हलले तर तो जिंकला.

"दाजींना काय तोंड दाखवू मी?" तो म्हणाला. "तुला काय झालं तर? तुझ्या लेकीला?"

"आणि तुला झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? तुझी बायको शाळेतून येती तेव्हा पहिल्यांदा तुझ्या पोटाकडं बघती, पाणी वाढलं का ते. मग चप्पल काढती. बघितलंस कधी?"

त्यानं मान खाली घातली. टेबलक्लॉथच्या चौकड्यांवर बोट फिरवत राहिला.

"लई दुखतंय म्हणं, अक्का."

"दुखू दे. माझं मला दुखू दे. तू त्याच्यात लोणी घालू नको."

त्यानं काटा उचलला. शेवया त्याभोवती गुंडाळल्या, दोनदा सुटल्या. तिसऱ्यांदा धरल्या आणि तो घास त्यानं माझ्या तोंडाशी आणला. भावाच्या हातचा घास. मी तोंड घट्ट मिटलं.

"आधी तू," मी म्हटलं.

तो माझ्याकडं बघत राहिला. मीही बघत राहिले. मग त्यानं हात मागं घेतला, घास आपल्या तोंडात घातला आणि चावता चावता रडायला लागला, हॉटेलात, सगळ्यांसमोर. मी दुसरा काटा घेतला आणि जेवायला लागले. अळणी होतं, गार झालं होतं. महिना निम्मा सरला होता आणि मला अजून सगळंच वजन उतरवायचं होतं.